अमानतीला लागलेलं कुंकू

मु. चोरखमारा, जि. भंडारा
संक्रांत, १४ जानेवारी १९५७

तीर्थरूप दादा,

रुख्मीचा पाया पडून नमस्कार. इकडचं सगळं खुशाल आहे, तिकडची खुशाली कळव, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे भांडायला मोकळी. सोबत तिळगूळ पाठवला आहे. पोस्टात त्याचा भुगा होईल, पण खा आणि गोड बोल. यंदा तुला त्याची गरज आहे.

धान चुरून झालं, मळणी आटोपली. बियाण्याचं वेगळं काढून कोठीत भरलं, वरून शेणामातीने तोंड लिंपलं. जमुनाचा खोकला बसला. ती आता अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागली आहे. तेलाच्या डब्यावरचं नाव, वाण्याच्या पुडीचा कागद, दिसेल ते मोठ्याने वाचते आणि घरभर सांगत सुटते. तुझ्यावर गेली आहे. वहिनीच्या गुडघ्यांना एरंडाचं तेल लावत जा, लाजू नकोस. सासूबाईंचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बऱ्या आहेत. हल्ली रांधणं मीच करते. त्यांच्या हाताला काहीतरी झालं आहे म्हणतात. बघितलं तर दिसत काही नाही.

आता तुझं चार पानी पत्र. मार्गशीर्षात तू इथून रागावून गेलास, त्याला महिना झाला, तरी कागदावरचा राग अजून गरम आहे. तू लिहितोस, हकीमसाहेबांचा ग्रंथ ताबडतोब नागपूरला तुझ्या संस्थेत पाठवावा. तिथे औषधी पाण्याने हळदीकुंकवाचे डाग काढतील, किडीने खाल्लेल्या कडा कापून सारख्या करतील, पानांना दोन्हीकडून रेशमी जाळी चिकटवतील, नवी बांधणी करून काचेखाली ठेवतील. मालकाला विचारायचं कारण नाही, कारण 'जे गाव सोडून गेले त्यांचा हक्क तो कसला?'

दादा, गेले म्हणजे मेले का?

तू हकीम दस्तगीरसाहेबांना पाहिलं नाहीस. मीही सून होऊन आल्यावर चारच वर्षं पाहिलं. आमच्या घराला त्यांची भिंत लागून होती. मुदतीच्या तापात जमुनाचे बाबा लहानपणी गेल्यातच जमा होते. अंगणात लोक जमायला लागले होते. तेव्हा हकीमसाहेबांनी एकवीस दिवस उशाशी बसून त्यांना ओढून काढलं. पोरगा उठून बसला, तेव्हा त्यांनी हे पुस्तक आणून सासूबाईंपुढे उघडलं. डाळिंबाच्या झाडाचं चित्र होतं, पानापानावर हिरवा रंग, फळांना सोन्याची कड, भोवती फारसी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी. म्हणाले, 'धुरपता, माझ्या नाही, ह्यांच्या पाया पड. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे लिहून ठेवलं म्हणून तुझा दुधराम वाचला.' थट्टेत म्हणाले असतील. सासूबाईंनी ती थट्टा मानली नाही.

अठ्ठेचाळीस साली हकीमसाहेब मुलीकडे, झैबुनबाईंकडे, हैदराबादला गेले. गावात त्यांना कुणी जा म्हणालं नाही. पण थांबा, असंही एका सासूबाईंखेरीज कुणी म्हणालं नाही. रेल्वेगाडीत मुसलमानांच्या ट्रंका उघडून बघायचे ते दिवस होते. फारसी पुस्तक सापडलं तर पुस्तकही जायचं आणि माणूसही. म्हणून ते लाल फडक्यात बांधून त्यांनी सासूबाईंच्या ओटीत घातलं. 'अमानत आहे,' एवढंच म्हणाले. पुढे ते तिकडेच वारले. अमानत मात्र इथे आहे.

सासूबाईंना अक्षरओळख नाही. अमानत सांभाळायची म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या मनाने ठरवलं. बियाणं सांभाळायची जागा ती पुस्तकाची जागा, कारण घरात त्याहून मोलाचं काही ठेवत नाहीत. कडुनिंबाचा पाला, वेखंडाच्या कांड्या, आणि कोठीचं तोंड बंद. दर दसऱ्याला पोरांच्या पाट्या पुजतात त्यांच्या शेजारी पाटावर हे पुस्तक. दिवसभर उन्हात उघडं, पाला बदलायचा, मग डाळिंबाच्या चित्राचं पान उघडून त्याला हळद, कुंकू आणि अक्षता. हात जोडून काय म्हणायच्या ते मी ऐकलं आहे. 'हकीमसायेबाले सुखी ठेव, माह्या दुधरामले सुखी ठेव.' हकीमसाहेब वारल्याचं कळल्यावर पहिलं वाक्य गळलं नाही.

हे मुसलमानाचं वैद्यकाचं पुस्तक, त्याला कुंकू कसं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. सांगावंसं वाटलं नाही.

मी तुला मोठ्या हौसेने लिहिलं होतं, दादा, ये आणि बघ आमच्याकडे काय आहे. तू आलास, बरोबर एक चष्मेवाला सोबती घेऊन. ओसरीवर उदाराम पटेल होते, चुरण्याला आलेली माणसं अंगणात होती, सासूबाई तुझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तू फडकं सोडलंस आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावलास. निंब आणि वेखंडाचा वास होता तो, मेल्या जनावराचा नव्हे. मग ते पान उघडलं आणि तू म्हणालास, 'शी! किळस येते. चारशे वर्षांचा ग्रंथ, आणि ह्या हातांनी त्याची ही घाण केली!' तांब्या तू घेतला नाहीस. दोन बोटांनी पुस्तक धरून उन्हात गेलास. आमगावच्या मातीत लोळून मोठा झालेला माणूस तू, पण त्या दिवशी तुझ्याकडे बघून कुणी तसं म्हणालं नसतं.

तुझं खरं आहे तेवढं खरं म्हणते. कुंकवाने कागद खाल्ला जातो, असेल. कोठीत ओल शिरली असती तर सगळंच गेलं असतं, हेही खरं. पण त्या खाल्लेल्या कडांवर हकीमसाहेबांच्या वाडवडलांच्या बारीक अक्षरातल्या खुणा आहेत, कोणत्या रोग्याला काय मानवलं त्याच्या. त्या तू कापून 'सारख्या' करणार. आणि सगळ्यात आधी, ज्याची वस्तू त्याला पुसायचं नाही. सासूबाई तुला तेव्हाच म्हणाल्या, 'जैबूनले पुसल्याबिगर पुस्तक नाही भेटनार.' तेवढं एकच वाक्य त्या बोलल्या, आणि तू ते अडाणीपण समजलास.

तू गेल्यावर आठच दिवसांत गोंदियाहून छोटेलाल नावाचा एक इसम आला. तुझ्याबरोबर आलेल्या त्या चष्मेवाल्याकडून त्याला वास लागला असणार. तोंडात पान. बोटाला थुंकी लावून पानं उलटत होता. 'तसवीरवाले पन्ने मुझे दे दो बाई, बाकी रद्दी आप रख लो,' असं हसत म्हणाला. मला खरोखर ओकारी आली. जमुनाच्या बाबांनी त्याला काठी दाखवली तेव्हा पानाची पिंक आमच्याच अंगणात टाकून गेला. ती पिंक मी धुतली. धुताना मनात आलं, ह्याला किळस म्हणतात. माझ्या सासूच्या हळदीला नव्हे.

हकीमसाहेबांच्या मुलीला, झैबुनबाईंना, मी पत्र टाकलं आहे. त्यांचं उत्तर आलं, रमजान आणि ईद झाल्यावर स्वतः येऊन नेतील. तोवर पुस्तक कोठीत. तू कितीही लिहिलंस तरी तिथेच.

राग मानू नको, किंवा मान, पण पत्र घाल. आणि हो, त्या रात्री सासूबाईंनी मला विचारलं, 'रुख्मे, किळस म्हंजे ओकारी येते तसीच ना व?' मी म्हटलं, तसं काही नाही, नागपूरकडचा शब्द आहे, मोठी माणसं बोलण्यात वापरतात.

तुझी भांडकुदळ धाकटी,
रुख्मी


चोरखमारा
१० मार्च १९५७

तीर्थरूप दादा,

नमस्कार. कार्ड मिळालं. 'अडाण्यांच्या नादी लागून तूही अडाणी झालीस' हे वाचलं. बरं.

महाशिवरात्रीला आम्ही आपल्या इकडच्या प्रतापगडला यात्रेला गेलो होतो. छकड्याने दोन दिवस जायला, दोन यायला. जमुना डोंगर चढली, माझ्या पायांचे मात्र तुकडे पडले. महादेवाचं दर्शन झालं, दर्ग्यावरही माथा टेकला. नेहमी दोन्हीकडे नारळ सासूबाई फोडतात. ह्या वर्षी त्या आल्या नाहीत. घरी राहते म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांची एक यात्रा चुकलेली नाही असं जमुनाचे बाबा सांगतात. आम्ही आग्रह केला, पण जास्त केला नाही.

उन्हाळी चटके लागायला लागले. तलावाचं पाणी यंदा बरं आहे.

एक सहज विचारते. जुन्या पुस्तकातली शाई पाण्याने गेली तर ती पुन्हा काढता येते का? तुमच्याकडे औषधी पाणी असतं म्हणून विचारते. आणि चित्रातला रंग? सोन्याची कड? इथल्या एका बाईंच्या घरची पोथी भिजली असं कानावर आलं. कागद तसाच आहे, फाटला नाही, फक्त कोरा झाला आहे. उजेडासमोर धरला तर थोडं काही असावं असं वाटतं. उगाच वाटतही असेल.

उत्तर लवकर दे. बाकी काही लिहू नकोस, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

हकीमसाहेबांचं पुस्तक कोठीत आहे.

तुझी,
रुख्मा


चोरखमारा
२० मे १९५७

दादा,

तुझी दोन्ही कार्डं माझ्यापुढे आहेत. मार्चमधलं, 'गेलेली शाई परत येत नाही. त्या बाईला म्हणावे, पोथीपेक्षा धुणी धुवावीत.' आणि हे परवाचं.

परवाचं कार्ड मी तीनदा वाचलं. तुझ्या संस्थेत लखनौहून कुणी वृद्ध विद्वान आले. जेवताना तू गंमत म्हणून त्यांना आमच्या घरचा किस्सा सांगितलास. ते हसले नाहीत. म्हणाले, फारसी वैद्यकाच्या ग्रंथाला एका शेतकरणीने वर्षानुवर्षं वाहिलेलं हळदकुंकू मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, ते पुसाल तर ग्रंथाचाच एक भाग पुसाल, कडा कापू नका, आहे तसा राहू द्या. आणि लगेच तुझं कार्ड, लाल शाईने अधोरेखित करून. 'डागांस कोणीही हात लावू नये. त्यांतच ग्रंथाचे खरे मोल आहे. तुझ्या सासूबाईंना आवर्जून सांग.'

सासूबाईंना सांग. काय सांगू दादा?

आता सगळं लिहिते. दोनदा लिहायला बसले होते आणि दोन्ही वेळा तिळगूळ नि यात्रेचं लिहून उठले.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिठाला हात लावणं सोडलं. मग तांदूळ. मग जमुनाची पाटी. ती पाटी घेऊन आजीकडे गेली की म्हणायच्या, 'ठेव तिथं. मी नाही धरत. तुह्या मामाले किळस येते.' आम्ही समजावलं. जमुनाचे बाबा ओरडले, 'मा, कायले त्या मानसाचं घेऊन बसली व?' त्या नुसत्या हो म्हणायच्या आणि राखेने हात घासायच्या. मी तुला लिहिलं, हाताला काहीतरी झालं आहे. हेच झालं होतं.

शिवरात्रीला घर रिकामं झालं तेव्हा त्यांनी कोठी फोडली. रिठे रात्रीच भिजवून ठेवले होते. देवाचे चांदीचे टाक त्या रिठ्याने धुतात, तसं त्यांनी पुस्तक धुतलं. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी घेऊन, एकेक पान. कुंकू लागलेली पानं, त्याच्या मागचीपुढची, कुठे हळद उतरली होती ती. मग खाटेवर उन्हात वाळत घातली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर छोटे दगड ठेवून.

आम्ही आलो तर त्या दारात हसत उभ्या. तू आल्या दिवसानंतर पहिल्यांदा हसल्या होत्या. माझा हात धरून खाटेपाशी नेलं. 'पाह्य व रुख्मे, कसं साजरं झालं पुस्तक. आता तुह्या भावाले किळस नाही येनार.'

मी बघितलं. डाळिंबाचं झाड नव्हतं. अक्षरं नव्हती. पांढुरका, जरा पिवळट, स्वच्छ कागद.

त्या सांगत होत्या, 'केवढी घान निंगाली व बाई! कारंभोर पानी. तीनदा बदलवलो तरी कारंच. इतकी घान होती माह्या हाताची, मले मालूमच नव्हतं. तुह्या भावानं बराबर ओरखलं.'

दादा, ती शाई होती. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून लिहिलेली. माझ्या सासूला ती आपल्या हाताचा मळ वाटली.

मी काय करायला हवं होतं, मला अजून कळत नाही. मी म्हटलं, 'हो आई, साजरं झालं.' जमुनाच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बैल सोडायला गेले. तिकडेच बराच वेळ राहिले.

तुझ्या मार्चच्या कार्डानंतर मी आशा सोडली आणि झैबुनबाईंची वाट बघू लागले, फाशीची बघतात तशी. ईद झाल्यावर आठवड्याने त्या आल्या. तिरोड्याहून छकडा करून, एकट्या. पन्नाशीच्या असतील, चेहरा थेट हकीमसाहेबांचा. सासूबाईंच्या गळ्यात पडल्या, 'मौसी' म्हणाल्या. सासूबाईंनी हात मागे धरले होते, पाठीवर फिरवले नाहीत.

मी फडकं सोडून पुस्तक पुढे ठेवलं. डाळिंबाचं पान कुठे असतं ते त्यांच्या बोटांनाच माहीत होतं. उघडलं. पुढे उलटलं, मागे आल्या. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून त्या पानावर फारसी अक्षरं शिकल्या होत्या, हे मला नंतर कळलं.  सासूबाई 'रिठ्यानं धुतलो' म्हणाल्या आणि शाबासकीची वाट बघत ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

झैबुनबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? 'मौसी, इसका पानी कहाँ फेंका?'

'फेकीन कसी व माय?' सासूबाई म्हणाल्या. 'घानच होती, पन हकीमसायेबाच्या पुस्तकाची घान. मोरीत कसी वतू? त्या निंबाच्या बुडासी वतलो. कोनाचा पाय नाही पडत तिथं.'

त्यांच्याकडे अल्लाचं नाव असलेला कागद झिजला तरी पायदळी जाऊ देत नाहीत, स्वच्छ जागी पुरतात नाहीतर वाहत्या पाण्यात सोडतात, त्याला ठंडा करणं म्हणतात. सासूबाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. झैबुनबाई उठल्या, अंगणातल्या निंबाखाली जाऊन भुईवर बसल्या. पदर तोंडावर घेऊन बसल्या. मग तोंड पुसून आल्या आणि म्हणाल्या, 'बहुत साफ़ किया आपने, मौसी. बाबा देखते तो खुश होते.'

त्या काही साध्वी नाहीत. मागल्या दारी मला धरून त्यांनी झाडलं. 'तुमने दिखाया ही क्यूँ अपने भाई को? बड़ाई मारने को?' मी मान खाली घातली. मी नुसतं विचारलं, सासूबाईंना खरं सांगायचं का? त्यांनी माझा दंड सोडला. मग म्हणाल्या, 'किताब की अमानत मौसी के पास थी, वो मैं ले जा रही हूँ. अब मौसी तुम्हारे पास अमानत है. जो ठीक लगे करो.' आणि तुझ्यासाठी निरोप दिला, पुस्तक त्यांच्या घरी राहील, कोऱ्या पानांसकट, कुणी कापायचं नाही, कुणी त्यावर नवं चित्र काढायचं नाही. काचेखाली ठेवाल तर खाली चिठ्ठी लावाल, 'अडाणी बाईने खराब केलेला ग्रंथ', ते त्यांना चालणार नाही.

निघताना त्या म्हणाल्या, 'मौसी, जैसा आप बाँधती थीं वैसा बाँध दो.' सासूबाई विहिरीवर गेल्या. राखेने हात घासले. पुन्हा घासले. पुन्हा. बोटांच्या सांध्यांतून रक्त आलं होतं. ओले हात पदराला पुसून आल्या, फडक्यापर्यंत नेले आणि मागे घेतले. 'तूच बांध व माय,' म्हणाल्या. झैबुनबाईंनी बांधलं. ती गाठ सासूबाईंची नव्हती. छकडा पांदीत वळेपर्यंत त्या गाठीकडे बघत उभ्या होत्या.

मला किळस येते, दादा. त्या हात धुण्याची येते. छोटेलालच्या पिंकेपेक्षा जास्त येते. तुझ्या रुमालाची येते. आणि ह्या कार्डाची सगळ्यात जास्त, कारण ह्यात तू कुठेही म्हटलेलं नाहीस की मी चुकलो. कालपर्यंत डाग घाण होते, आज लखनौच्या माणसाने सांगितलं म्हणून मोल झाले. उद्या दुसरा कुणी येईल. त्या डागांमागे एक बाई आहे, हे तुला ना काल दिसलं ना आज.

तू म्हणतोस, त्यांना आवर्जून सांग. हे कार्ड वाचून दाखवलं तर त्यांचे हात सुटतील. कळेल की त्यांच्या हातांत घाण नव्हती, ते कुंकू मोलाचं होतं. पण मग त्या विचारतील, मंग ते कारं पानी कायचं होतं व? त्याला मी काय उत्तर देऊ? हकीमसाहेबांची अमानत त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसली, आणि ती पुसण्याजोगी नव्हतीच, हे ज्या दिवशी त्यांना कळेल त्या दिवसापुढे त्या जगणार नाहीत. मला ती बाई ठाऊक आहे. आणि नाही सांगितलं तर मरेपर्यंत त्या राखेने हात घासत राहतील. आता सांग, तुझ्या संस्थेत ह्यावर कोणतं औषधी पाणी आहे?

म्हणून कार्ड घरात ठेवता येत नाही. जमुना दिसेल ते मोठ्याने वाचते. चुलीत घालणार होते, पण म्हटलं, तुझं आहे, तुला परत करावं. सोबत आहे.

तुला एकच काम सांगते. धानाच्या पेरण्या व्हायच्या आत ये. संध्याकाळी ये, ओसरीवर उदाराम पटेल आणि चार माणसं असतील तेव्हा. तेच अंगण, तीच जागा. पाणी माग. सासूबाई म्हणतील, सून आणते. तू म्हण, 'नाही आई, तुमच्याच हातचं.' त्या मागे सरतील. तू उभा राहा. तांब्या त्यांच्या हातातून घे, रुमाल खिशातच ठेव, आणि सगळ्यांच्या देखत तो शेवटच्या थेंबापर्यंत पी. पुस्तकाबद्दल एक अक्षर काढू नकोस. आणि त्यांनी स्वतःहून विचारलं, 'साफ झालं होतं ना व पोरा?' तर हो म्हण. आयुष्यभर खरं काय नि बनावट काय हे ओळखायचा पगार घेतोस. एवढं एक खोटं आमच्या अंगणात येऊन बोल.

पाटीवर माझा हात धरून पहिलं अक्षर तू काढून घेतलंस, ते मी विसरलेले नाही. त्याच हाताने हे लिहिते आहे. तू येशील तेव्हा पाया पडेन. तोवर मला पत्र घालू नकोस. श्रावणात राखीची वाट बघू नकोस.

धुरपताबाईंची सून,
रुख्मा